पवित्र पाणी, उकळलेले पाणी

मित्रांनो, मला पाहून कोणी हात जोडतो, कोणी तोंड फिरवतो, आणि दोघांनाही वाटते की याला काय कळते! मी एक जुना लाकडी क्रूस आहे. माझ्यावर येशूची वीतभर मूर्ती आहे. तिला आणि मला वेगळे समजू नका. आम्ही एकाच ओंडक्याचे.

मला घडवणारा सुतार देवाधर्माचा नव्हता. "तो देव होता की नव्हता, ते मला विचारू नका," तो म्हणायचा, "पण माणूस हाल होऊन मेलाय, बरगड्या दिसल्याच पाहिजेत." एकही प्रार्थना न करता त्याने माझ्यावर जेवढा जीव लावला, तेवढा पुढे फार थोड्यांनी लावला.

एका शिंपिणीने मला विकत घेतले आणि पलंगाच्या वर टांगले. शिलाई मशीनवर बसण्याआधी ती माझ्या पायांना बोट लावी. तिचा नवरा गॅरेजात मेकॅनिक. तो मला दोस्तासारखे वागवी. तो आजारी पडला तेव्हा डॉक्टरांनी सलाईनची बाटली माझ्याच खिळ्याला अडकवली. तो हसून मला म्हणाला, "राजा, जरा सरकून घे. आता मलाही टोचलंय."

तो वाचला नाही. मुलगी म्हणाली, "बाबा त्याच्यापाशी गेले," आणि रोज माझ्यापुढे गुडघे टेकू लागली. मुलगा म्हणाला, "एवढ्या प्रार्थना केल्या, हा ढिम्म हलला नाही!" आणि माझ्याकडे पाठ करून जेवू लागला. मित्रांनो, दोघांचे दुःख एकच होते. पण ते त्यांना सांगणार कोण? मला तोंड आहे, आवाज नाही.

पुढे शिंपिणीनेही अंथरूण धरले. तिची एकच इच्छा उरली होती: दोन्ही पोरांनी भांडण सोडून आपल्या उशाशी बसावे. एका दुपारी दोघे आले. ती कशीबशी म्हणाली, "पाणी द्या रे. घसा कोरडा पडलाय."

मुलीने कपाटातून चर्चमधले पवित्र पाणी काढले. मुलाने तिचा हात धरला.

"कधीचं आहे ते? आईला उकळलेलंच पाणी द्यायचं, डॉक्टरांनी बजावलंय."

"देवाचं पाणी आहे, दादा. यानं काही होत नाही."

"हो ना! बाबांनाही यानं काहीच झालं नाही."

"जीभ झडेल तुझी!"

"झडू दे. पण हे मंतरलेलं पाणी तिच्या तोंडात जाणार नाही."

"अरे, कुठलंही द्या..." आई पुटपुटली. ऐकले फक्त मी.

हिसकाहिसकीत बाटली फरशीवर सांडली. पवित्र पाण्यावर पाय पडू नये म्हणून मुलगी रडत रडत ते टिपू लागली. मुलगा तणतणत पाणी उकळायला गेला. उकळले, मग निवायला ठेवले. आईचा घसा भाजायला नको ना! तो पेला घेऊन आला तेव्हा आईचे ओठ उघडेच होते, श्वास मात्र थांबला होता.

भावा-बहिणीने एकमेकांकडे पाहिले नाही. दोघांनी माझ्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत 'क्षमा कर', त्याच्या डोळ्यांत 'तूच मारलीस'. मी दोन्ही मुकाट गिळले.

आता मी मुलीच्या घरी, जुन्या चादरीत गुंडाळून ट्रंकेत पडलो आहे. ती अजून प्रार्थना करते, पण माझ्याकडे तिला बघवत नाही. मुलगा माझे नावही काढत नाही. दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. मरणाऱ्या आईचे एवढेच मागणे होते, तेही गेले.

राग येईल, पण स्पष्ट सांगतो. माझ्यावर कोरलेला तो माणूसही मरताना तहानलेला होता, आणि तेव्हाही खाली उभी असलेली माणसे 'हा कोण लागून गेला' म्हणत टोमणेच मारत होती. तुम्ही काय निराळे करता? मला देव म्हणा, भला माणूस म्हणा, नुसते लाकूड म्हणा. चुलीत घातलेत तरी माझी तक्रार नाही. पण शेजारी कोणी पाणी मागत असेल, तर आधी पेला भरा आणि त्याच्या ओठांना लावा. माझ्यावरून भांडायला जन्म पडला आहे. मी कुठे पळून जातो? मला खिळे ठोकलेत.