उजवीकडची सीट

ड्रायव्हरच्या उजव्या हाताला माणूस बसला तर तो जीप हाकणार कशी, असं शहरातले पाहुणे जीपवाल्या महिपतला विचारायचे. अहो, हाकतो की! नव्वद-पंच्याण्णवच्या काळात धसई-मुरबाड जीपमध्ये माणसं अशी कोंबलेली, की ड्रायव्हर बापडा मधे आणि दाराला एक पॅसेंजर, हीच रीत होती. मग उजवा आरसा दिसणार तो त्या पॅसेंजरला. महिपत विचारायचा, "मागून कोन हाय?" आणि तो बघून सांगायचा.

महिपतचं नशीब असं, की ती जागा गीताबाईनं धरलेली. ही त्याची शेजारीण, मुरबाडला भेंडी विकायची. जीप निघायची महिपतच्या अंगणातून, त्यामुळे स्टँडवर पॅसेंजर भरायच्या आधीच बाई मागच्या शिडीला पाटी बांधून पुढे हजर. बसली की खिडकीतून हात काढून आरसा खाली वाकवायची. का? तर पाटीतली भेंडी सांडली तर दिसायला हवी! रस्ता गेला खड्ड्यात.

"गो मावशी, यात मागची एसटी दिसत नाय. नुसतं चाक दिसतंय."

"एसटी हॉर्न मारते. माझी भेंडी मारते का?"

महिपत कपाळावर हात मारायचा आणि गियर टाकायचा.

पण एकदा म्हसा फाट्याजवळ मागून आलेली एसटी अगदी घासून गेली आणि महिपतचं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं अंगणातच फर्मान काढलं, "आजपासून तू मागं बसायचंस. इथं मी डोळेवाला मानूस बसवनार."

"मग माझे काय फुटलेत?" असं म्हणत गीताबाई पदर खोचून त्याच जागी चढली, ऐसपैस बसली आणि आरसा नेहमीसारखा खाली वाकवला. महिपत रागानं लालबुंद. मागे काय आहे हे विचारलंसुद्धा नाही. रिव्हर्स टाकला आणि गाडी मागे रेटली.

"थांब! अरे महिपत, थांब!" गीताबाईनं त्याचा हातच धरला.

"पडू दे तुझी भेंडी!" तो ओरडला, पण पाय ब्रेकवर गेला.

"भेंडी नाय रे मेल्या, मनू! तुझी मनू!"

महिपतची चार वर्षांची मनस्वी. पाटीतून गळलेली भेंडी वेचायला उजवीकडच्या मागच्या चाकाशी उकिडवी बसली होती. चाक आणि पोरीमधे वीतभर जागा. महिपतला उतरताही येईना, दाराला गीताबाई. तीच धडपडत उतरली आणि पोरीला उचलून छातीशी धरलं. महिपतनं इंजिन बंद केलं. त्याची बायको रेश्मा पिठाच्या हातांनी धावत आली, पोरीला एक धपाटा घातला आणि लगेच तिचे मुके घेत सुटली.

महिपत कसाबसा उतरला. आयुष्यात कुणापुढे न वाकलेला गडी, पण त्यानं भर अंगणात गीताबाईचे पाय धरले.

"ऊठ रे, लोकं बघतात. चल, बाजार उठंल."

तो उठेना. हुंदके देत तिथेच बसून राहिला.

"मावशी, तुझे उपकार कसे फेडू गो?" तो म्हणाला. "बरं झालं, माझं ऐकलं नायस."