पांढऱ्या रंगाखालचा नथ्थू

प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी त्या कोऱ्या जागेत डोळे दिसू लागले.

धुळ्याच्या त्या वाचनालयात कॉम्रेड प्रेमराज यांची व्यंगचित्रे मांडली होती. ‘गिरणीचा मोर्चा’ या चित्रात पोत्यासारखा फुगलेला गिरणीमालक, समोर कामगारांची रांग आणि रांगेत माणसाएवढी पांढरी जागा. प्रेमराजांची मुलगी दिपमाला रसायनशास्त्र शिकवीत असे. तिच्या लेखी उलगडा सोपा होता: चित्रकार नको असलेली रेषा पांढऱ्या रंगाने झाकतात. रंगातला डिंक वाळतो, चित्रावरच्या दिव्याच्या उष्णतेने पापुद्रे सुटतात. तिने तो दिवा मालवून ठेवला. तरी सकाळी काचेआड पांढरी भुकटी वाढलेली असे आणि चेहरा आणखी वर आलेला असे.

कपाळावरचा तिरपा वण उमटला, त्या दिवशी वडिलांचे जुने सहकारी अभिमननाना चित्रासमोर थबकले. हा नथ्थू, गिरणीचा संप मोडून कामावर गेलेला, ते म्हणाले. चित्र छापायला देण्यापूर्वी प्रेमराजांनी त्याला पुसून टाकले होते. संध्याकाळी समारोप होता. नानांनी त्याच्यावर पुन्हा पांढऱ्या रंगाचा हात फिरवायला सांगितले.

“गद्दाराला तुझ्या बापानं रांगेतून काढलं. तू परत उभा करणार?”

“मी काही केलं नाही, नाना. रंग सुटतोय.”

“मग लाव.”

तिने चौकट उघडली, रंग कालवला. एवढ्यात नथ्थूची विधवा भिकुबाई आली. गल्लीत बोभाटा झालाच होता. ती चित्राजवळ सरकली.

“हाऊ मना मालक शे. घरमा त्याना एक फोटू नही.” मग तिचे बोट कागदाला न टेकता कपाळाशी थांबले. “पन हाऊ वण संपनंतरना शे, माय. लोकेस्नी दगड मारा, तवय लागना.”

दिपमालाचा हात थांबला. चित्राखाली तारीख संपाच्या दिवसांतली होती; दगडाचा वण त्यानंतरचा. तिने भिंग घेऊन पापुद्र्याची कड पाहिली. शाई, तिच्यावर पांढरा, त्यावर पुन्हा शाई, पुन्हा पांढरा. छापून झालेल्या चित्रात वडील वर्षानुवर्षे या माणसाला काढत होते आणि पुसत होते. घरात त्याचे नाव त्यांनी कधी उच्चारले नव्हते. वण चित्रात कसा आला ते तिला कळले होते; दिवा मालवूनही रंग का सुटत होता, ते नाही.

तिने कुंचला धुतला. चित्र परत टांगले.

समारोपाला नाना एकजुटीवर बोलले. साऱ्या खुर्च्या त्यांच्याकडे तोंड करून होत्या. एक तेवढी त्या चित्राच्या भिंतीकडे वळलेली होती, आणि तिच्यावर बसलेल्या बाईने डोक्यावर पदर घेतला होता.