हिम्मतरावांचे ब्रेक

"काका, सोमवार ते शुक्रवार ऑफिस, अन् महिन्यातून एक इतवार ट्रॅक. गाडी दोन्हीला चालली पाहिजे. होईल ना?"

हिम्मतरावांनी तोंडाला लावलेली चहाची बशी खाली ठेवली आणि कुलदीपच्या लाल, दोन दारांच्या गाडीकडे पाहिलं. जमिनीपासून वीतभरही वर नाही. मलकपेठेतल्या एकाही गतिरोधकावरून ती पोट घासल्याशिवाय गेली नसती.

"म्हणजे म्हशीनं दूध पण द्यायचं, अन् रेसकोर्सवर पळायचं पण!"

"हौ, तसंच समजा." कुलदीप हसला. जामबागेतल्या वकिलाचा हा मुलगा, कॉम्प्युटर कंपनीत बऱ्यापैकी नोकरीला. बंद रस्त्यावर फी भरून गाड्या पळवायचा त्याला नवा षौक लागला होता.

हिम्मतरावांनी चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या होत्या आणि तेवढीच वर्षं गाडीवाल्यांना शिव्या घातल्या होत्या, बहुतेक वेळा तोंडावर. डॉक्टर असो नाहीतर कंत्राटदार, कुणाचीही भीडभाड नाही. तरी लोक यायचे, कारण हिम्मतरावांचा हात लागलेला ब्रेक दगा देत नाही, अशी ख्याती होती. गॅरेजची पत्र्याची शेड सोडली तर त्यांची कमाई म्हणजे हे नावच. पण पोरांची ही नवी जात त्यांच्या डोक्यात जायची. पंक्चर काढता येत नाही, आणि मोबाइलमध्ये बघून मेकॅनिकला अक्कल शिकवणार!

कुलदीपनं मोबाइल काढलाच. "शॉकअप उंची वरखाली करता येणारे. आईला सुलतान बाजारला न्यावं लागतं, तिचे गुडघे दुखतात, इतक्या खाली बसवत नाही. ब्रेकचे पॅड जास्त ताप सोसणारे. अन् ब्रेक ऑइल बदला, ही बाटली आणलीय. ट्रॅकवर घडीघडी ब्रेक मारले की जुनं ऑइल उकळतं."

"उकळतं?" हिम्मतराव खो खो हसले. "मग साखर किती टाकू? अरे बाबा, तू जन्मायच्या आधीपासून ब्रेक बसवतोय मी. या शहरात ऑइल उकळलेलं कुणी बघितलं नाही. मला शिकवू नक्को."

शॉकअप मात्र त्यांनी जीव ओतून बसवले. गाडी तीनदा गल्लीतल्या खड्ड्यांतून फिरवली, म्हातारीचे गुडघे आठवून पुन्हा उंची जुळवली. पॅडही चोख. ब्रेक ऑइलची टाकी उघडून पाहिली, तर काठोकाठ भरलेली. भरल्या घागरीत आणखी काय ओतायचं? त्यांनी बाटली फळीवर सरकवली.

"सगळं झालं?" गाडी न्यायला आलेल्या कुलदीपनं विचारलं.

"झालं की!"

जेवताना त्यांनी बायकोला, भामाबाईंना, उकळत्या ऑइलचा किस्सा रंगवून सांगितला. भामाबाई हसल्या नाहीत. "अहो, शिकलेलं पोरगं आहे. ऐकून तरी घ्यायचं."

"शिकलेलं! घरचा गॅस सिलिंडर लावता येतो का, विचार त्याला."

ट्रॅकच्या इतवारानंतर सोमवारी गाडी आली ती टोइंगच्या ट्रकवरून. नाक चेपलेलं, पुढचं एक चाक वाकडं. मागून कुलदीप उतरला. डावा हात प्लास्टरमध्ये.

"वळणावर ब्रेक दाबला, तर पेडल पार तळाला गेलं काका. कडेला रचलेल्या टायरांच्या भिंतीत घुसलो. दोस्त म्हणत होते, मेकॅनिकची चूक आहे. मी म्हटलं, काम हिम्मतराव काकांचं आहे. ऑइल त्यांनी बदललेलंच आहे. माझाच पाय चुकला असणार."

गाडी खाली उतरल्यावर हिम्मतरावांनी चाकाजवळचा ब्रेकचा नट सैल केला. काळं ऑइल बुडबुडे सोडत बोटांवर आलं. जळका वास होता.

बाकावर त्यांचं जुनं गिऱ्हाईक, सुरेश मास्तर बसले होते. "या पोरांच्या हातात गाड्या द्यायलाच नको. काय हिम्मतराव?"

एरवी हिम्मतरावांनी त्यात चार शब्द आपले घातले असते. आज त्यांनी ऑइलनं माखलेली बोटं फडक्याला पुसली. गप्प राहिलं तर कुणाला कळणार नव्हतं. पोरानं दोष आपणहून अंगावर घेतला होता, नाव शाबूत राहिलं असतं. पण त्या प्लास्टरकडे बघून त्यांना स्वतःची शिसारी आली.

"ऑइल मी बदललं नाही," ते मास्तरांना ऐकू जाईल असं म्हणाले.

"क्या?" कुलदीपच्या तोंडून निघालं.

"तू सांगितलंस, बाटली दिलीस. मी बदललं नाही, अन् झालं म्हणून सांगितलं. पाय तुझा चुकला नाही. मी चुकलो."

कुलदीप ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं वाकून गाडीतल्या शेजारच्या सीटकडे पाहिलं.

"आई म्हणत होती, मी पण येते, शेजारी बसून बघते," तो हळूच म्हणाला. "मीच नको म्हटलं."

मग त्यानं टोइंगवाल्याला हाक मारली. "भैया, गाडी वापस चढाओ. दूसरी जगह ले जाना है."

वाकड्या चाकामुळे गाडी ट्रकच्या उतरत्या फळीवर सरळ चढेना. हिम्मतराव मागे गेले आणि त्यांनी गाडीला खांदा लावला.

"राहू द्या, काका," कुलदीप म्हणाला.

हिम्मतरावांनी मान वर केली नाही. गाडी पूर्ण चढेपर्यंत ते ढकलत राहिले.