केबलला मारलेली गाठ

“लालाक लाल, हिरव्याक हिरवो! बघ, कशी घट गाठ मारलंय!” लहूने लेकीला अभिमानाने दाखवलं, आणि कालिंदीच्या हातातली फरसाणाची पिशवी खाली पडली.

नवा मॉनिटर सकाळीच आला होता. कालिंदी साड्यांची डिझाइन्स काढायची. हिंदमाताच्या साडीच्या दुकानाचे रामजीशेठ आज तिची साडी मोठ्या पडद्यावर बघायला घरी येणार होते. पसंत पडली तर वर्षभराचं काम. पण जुन्या कॉम्प्युटरची निळ्या तोंडाची व्हीजीए केबल नव्या मॉनिटरला बसेना. मॉनिटरसोबत आलेल्या एचडीएमआय केबलचं तोंडच निराळं. दोन्हींना सांधणारा जोड बाजारात मिळाला नाही, म्हणून ती नुसतं फरसाण घेऊन परतली, तोवर वडिलांनी दोन्ही केबली कापून आतल्या रंगीत तारा एकमेकींना बांधून टाकल्या होत्या.

लहूचंही काय चुकलं म्हणा! संपाआधी लहू मिलमध्ये मागावर होता. तुटलेला धागा दिसला की हात शिवशिवायचे. संपानंतर त्या हातांना वॉचमनच्या काठीखेरीज काही मिळालं नाही. आज लेकीच्या कामाला हात लागला म्हणून गडी भलताच खुशीत होता.

“बाबा, हा काय धागा आहे? एकीतून लहरी जातात, दुसरीतून नुसते आकडे!”

“माका वाटला, दोन्यांतसून रंगच जातत.” लहूचा चेहरा उतरला.

रडू यायच्या ऐवजी कालिंदीला हसूच फुटलं. ती कॉम्प्युटरच्या मागे वाकली आणि ओरडली. एका सॉकेटवर काळी रबरी टोपी होती, घेतल्यापासून कुणी काढलीच नव्हती. आत एचडीएमआय! म्हणजे जोड नकोच होता. आता फक्त एक धड केबल हवी.

“धोंडूमामा, तुमच्या टीव्हीची एचडीएमआय केबल द्या ना!”

“अगो, मॅच रंगात आलीय!” शेजारचा धोंडू ओरडला, आणि ओरडत ओरडत केबल उपटून घेऊन आला. मागोमाग मॅच बघणारेही आले. त्या गर्दीतून वाट काढत रामजीशेठ आत शिरले.

पडदा उजळला. जांभळी नऊवारी, नारळी काठ, तार न् तार सुटी दिसत होती.

“कालिंदीबाई,” शेठ बराच वेळ बघून म्हणाले, “विणायला कुठे टाकायची, ते उद्या ठरवू.”

खोलीत एकच गलका झाला. त्या गडबडीत लहू पडद्याजवळ गेला. उजवा हात लुंगीला नीट पुसला, पुढे केला, आणि थबकला.

“डाग पडात काय गो?”

“पडू दे, बाबा.”

मग त्याने साडीच्या काठावरून हळूहळू बोटं फिरवली.