शेवटच्या पानावरचं ‘त्यू’

दिग्दर्शकाला शेवटी मिठी हवी होती. मिठी, मागे समुद्र आणि त्यावर गाणं. लोकांना काहीतरी घरी नेता आलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. मी म्हणायचो, बाबा रे, लोक ही कादंबरी शंभर वर्षं घरी नेतायत आणि तिच्यात एकही मिठी नाही. पण पटकथालेखकाचं ऐकावं असा आमच्या धंद्यात रिवाज नाही.

कादंबरी फ्रेंच. बंदराच्या गावात हातमोजे शिवणारी एक विधवा आणि तिच्या माडीवर भाड्यानं राहणारा घड्याळजी. चारशे पानं दोघं एकमेकांना ‘व्हू’ म्हणतात, म्हणजे ‘तुम्ही’. भांडतात ते ‘तुम्ही’ म्हणून, आजारपणात एकमेकांचं करतात तेही ‘तुम्ही’ म्हणूनच. शेवटच्या पानावर तो बाहेर धक्क्यावर उभा असतो. ती दार उघडते आणि म्हणते, तुला थंडी वाजेल, आत ये. ‘त्यू’, म्हणजे ‘तू’, पहिल्यांदाच. तिथे कादंबरी संपते. त्यावर तो काय म्हणाला, हे लेखकानं लिहिलेलंच नाही.

ही कादंबरी मला ताईनं वाचून दाखवली. आई गेली तेव्हा मी शाळकरी पोर आणि ताई नुकतीच फ्रेंच शिकायला लागलेली. रोज संध्याकाळी ती शब्दकोश मांडीवर घेऊन बसायची आणि एकेक पान आपल्या भाषेत करून सांगायची. अडली की “थांब रे जरा” म्हणायची आणि मी श्वास रोखून थांबायचो. आईशिवायचं ते पहिलं वर्ष मी त्या घड्याळजीच्या माडीवर काढलं. म्हणून मला ती कादंबरी प्रिय आहे. तिची साहित्यिक थोरवी वगैरे मला नंतर कळली.

ताई पुढे जन्मभर फ्रेंच शिकवत राहिली. लग्न केलं नाही आणि का केलं नाही हे विचारायची घरात कुणाची छाती झाली नाही. चित्रपटाची सल्लागार म्हणून तिनं माझ्या पटकथेतला स्वल्पविरामसुद्धा सोडला नाही. घड्याळजीला मी हौसेनं एक मांजर दिलं होतं. “पुस्तकात नाही,” ती म्हणाली आणि मांजर गेलं. नायिकेला एक बहीण दिली, तीही त्याच वाटेनं गेली. पुस्तकात नाही ते पडद्यावर नाही, ही तिची दगडावरची रेघ.

मिठीचं कळल्यावर ती ओरडेल अशी माझी तयारी होती. तिनं फक्त चष्मा पुसला. “मग मी नाही बघणार तो सिनेमा. तुम्ही बघा.”

मला एकदम पोरकं वाटलं. सगळा खटाटोप मी तिच्यासाठी मांडला होता. तिनं मला एकदा जे दिलं ते तिला पडद्याएवढं मोठं करून परत द्यायचं, एवढाच माझा मतलब होता. तीच येणार नसेल तर कुणासाठी करायचं?

दिग्दर्शकाच्या हातापाया पडलो तेव्हा तो म्हणाला, “एक वाचन करू. शेवटचा प्रसंग ऐकून अंगावर काटा आला तर तुझा शेवट. नाही आला तर मिठी. मग कुरकुर करायची नाही.”

वाचन ताईच्या घरी ठेवलं. दिवाणखाना लहान, त्यात पुस्तकांची कपाटं. दिग्दर्शकानं एकुलती आरामखुर्ची बळकावली, कॅमेरामन खिडकीत बसला, नायक-नायिका सोफ्यावर. आणि कपाटाला टेकून खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य उभे. यांचं तिथे काही काम नव्हतं. पण दवाखान्याची दुपारची सुट्टी झाली की ते वर्षानुवर्षं ताईकडे चहाला येतात, तसे आले आणि वाचन आहे म्हटल्यावर थांबले. विधुर माणूस, बोलणं बेताचं. दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावतात, त्यामुळे स्वतःचं मिटलेलंच. ताई त्यांना ‘डॉक्टर’ म्हणते, ते तिला ‘बाई’.

नायिका गुणी पोरगी. तिनं डोळे मिटले, आवाज खाली आणला आणि जीव ओतून म्हणाली, “तुला थंडी वाजेल. आत ये.”

खिडकीतून कॅमेरामन म्हणाला, “आणि दूध पिऊन झोप म्हणावं.”

सगळे फुटले. नायक सोफ्यावर आडवा झाला. नायिकेनंही तोंडावर कागद धरला. मला कितीही राग आला तरी खोटं कसं बोलू? शेजारची काकू खेळणाऱ्या कार्ट्याला हाक मारतेय, अगदी तसंच वाटलं होतं.

“‘आत ये रे’ म्हणून बघू का?” नायिकेनं विचारलं.

“मग गडी वाटेल,” नायक म्हणाला.

“जरा जोरात म्हण,” दिग्दर्शक म्हणाला.

जोरात म्हटल्यावर तर घर सोडून चाललेल्या भाडेकरूला दम दिल्यासारखं झालं. आणि होणारच ना! इतकी वर्षं ज्याला ‘तुम्ही’ म्हटलं त्याच्याशी एकदम ‘तू’वर येणं म्हणजे आपल्याकडे भांडणाची पहिली पायरी, पुढची पायरी खानदान काढण्याची. फ्रेंच बाईनं ज्या शब्दात काळीज काढून दिलं, तो आमच्या बाईच्या तोंडी उद्धटपणा होत होता. असं चार वेळा करून बघितलं, ताई एकदाही हसली नाही. चौथ्या वेळेनंतर उठली, “चहा टाकते,” म्हणाली आणि आत गेली.

दिग्दर्शकानं खिशातून पेन्सिल काढली आणि माझ्या कागदाच्या तळाशी मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘मिठी’. वर मला म्हणाला, “मनाला लावून घेऊ नकोस. समुद्र छान घेऊ.”

आत कपांची खणखण झाली, पाठोपाठ ताईचा आवाज आला.

“अहो, जरा ट्रे धरता का? माझे दोन्ही हात अडकलेत.”

खोलीत आम्ही पाच पुरुष होतो. दिग्दर्शक सवयीनं अर्धा उठला, कारण त्याच्या घरी ही हाक म्हणजे समन्स. मग आपण परक्या घरात आहोत हे आठवून खाली बसला. मी तिचा सख्खा भाऊ, पण ती मला ‘अरे’ म्हणते. कॅमेरामन आणि नायक एकमेकांकडे बघत राहिले. आणि दंतवैद्य? ते कपाट सोडून केव्हाच स्वयंपाकघराच्या दारात पोचले होते. ती हाक कुणाला होती, हे त्या माणसाला विचारावंसुद्धा वाटलं नाही.

दोघं बाहेर आली. ट्रे दंतवैद्यांच्या हातात, किटली ताईच्या. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. आपण काय म्हणालो ते तिला तेव्हा कळलं आणि माझी ताई, जिच्यापुढे कॉलेजातले टगे चळचळ कापायचे, ती कानापर्यंत लाल झाली.

“काय बघताय? चहा घ्या,” ती खेकसली.

मी चहा घेतला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच! आणि मला सुचणार तरी कसं? आमच्या घरी बायको मला कॉलेजपासून ‘तू’ म्हणते. ती ‘अहो’ म्हणाली की समजावं, एक तर पाहुणे आलेत नाहीतर माझं काहीतरी उघडकीला आलंय. पण ताईच्या तोंडून ‘डॉक्टर’ गळालं होतं, नुसतं ‘अहो’ उरलं होतं आणि एवढ्यानं खोलीची हवा बदलली होती. आपल्याकडे माणसं आदर सोडून जवळ येत नाहीत, नाव सोडून येतात. माझ्या पटकथेतली विधवा त्याला पहिल्यापासून ‘घड्याळवाले’ म्हणत होती. मी पेन्सिल हिसकावली, ‘मिठी’ खोडली आणि नायिकेच्या कागदावर एक ओळ लिहून दिली.

तिनं ती मनात वाचली. मान वर केली नाही, आवाजही लावला नाही. हातातलं काम चालूच आहे अशा सुरात ती म्हणाली, “अहो, थंडी वाजेल. आत या.”

कुणी हसलं नाही. दिग्दर्शकाच्या हातातली बशी तशीच राहिली. कॅमेरामन खिडकीतून बाहेर बघायला लागला, आणि बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं. मी ताईकडे बघायला घाबरत होतो. बघितलं तर ती रडत होती.

“हेच,” ती म्हणाली. “हेच लिहिलंय त्यानं. एवढी वर्षं मीच चुकीचं सांगत होते रे तुला.”

“काटा आला,” दिग्दर्शक पुटपुटला. हरल्याचं त्याला काही वाटलं नाही, उलट तो आरामखुर्चीच्या कडेवर येऊन बसला. “बरं, मग घड्याळजी काय म्हणतो?”

“काही म्हणत नाही,” ताईनं डोळे पुसले आणि ती पुन्हा सल्लागार झाली. “तिथे पुस्तक संपतं. त्याला वाक्यच नाही.”

“आहे,” दंतवैद्य म्हणाले.

आम्ही सगळे वळलो. ट्रे अजून त्यांच्या हातात होता.

“वाक्य आहे,” ते म्हणाले. ते आमच्याकडे बघतच नव्हते. “तो म्हणतो, ‘आलो गं.’”

मांजर गेलं होतं, बहीण गेली होती, माझे स्वल्पविराम गेले होते. मी ताईच्या तोंडाकडे बघत राहिलो. तिनं किटली खाली ठेवली, त्यांच्या हातातला ट्रे घेतला आणि मला म्हणाली, “लिहून घे. तेवढं एक राहू दे.”