आमचा सात, बाहेरचा आठ

आमच्या दुकानात येऊन फुकटात बूट घालून बघायचे आणि मग पार्सलने मागवायचे, अशा लोकांचा मला मनापासून तिटकारा आहे, आणि त्यांत पहिला नंबर आमच्या भाऊजींचा. भाऊजी म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. नात्याने मोठे, म्हणून समोर ‘अहो भाऊजी’ म्हणते. मनात काय म्हणते ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

दुकान सासऱ्यांनी काढलेलं. अरुंद, लांबलचक खोली. दोन्ही भिंतींना छतापर्यंत बुटांची खोकी, ती काढायला शिडी, मध्ये बाक, आणि बाकासमोर जमिनीलगत एक तिरका आरसा, ज्यात माणसाचे फक्त गुडघ्याखालचे पाय दिसतात. मला शहाणं केलं ते त्या आरशाने. तोंड बघून मी फसते, पाय बघून नाही. मागच्या खोलीत हे बसायचे, आरी आणि मेण लावलेला दोरा घेऊन. बूट शिवायचे, झिजलेला तळ उसवून नवा बसवायचे. आमच्याकडच्या बुटाला माणूस कंटाळेल, बूट माणसाला कंटाळायचा नाही.

आता नंबराचं सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून झालं. सासऱ्यांनी बुटांचे लाकडी साचे स्वतःच्या हाताने तासले आणि नंबरही स्वतःच्याच मनाने दिले. त्यांच्या हिशोबात जो सात, त्याला बाकीचं सगळं जग आठ म्हणतं. मी ह्यांना कितीदा म्हटलं, ‘अहो, तळावरचे आकडे बदला.’ हे म्हणायचे, ‘बाबांचा नंबर आहे. असू दे.’ असू दे हे ह्यांचं पालुपद. छत गळतंय? असू दे. भाऊ डोक्यावर मिरे वाटतोय? असू दे.

म्हणून पूर्वी प्रत्येक गिऱ्हाइकाला मीच आपणहून सांगायचे, ‘आमचा सात आहे बरं का. बाहेर कुठे घेतलात तर आठ घ्या.’ मग हे फोनवाले आले. बाकावर बसणार, मला शिडीवर चढउतार करायला लावणार, बूट घालून आरशासमोर दोन चकरा मारणार, ‘वा, काय मऊ आहे हो!’ म्हणणार, मग बूट उलटा करून तळावरच्या आकड्याचा फोटो काढणार. आणि वर, ‘घरी विचारून येतो.’ अरे घोड्या, पाय तुझा, घरी काय विचारणार आहेस? एक बाई तर फोटो काढून तिथल्या तिथे बाकावर बसून मागवत होती. माझ्या पंख्याखाली! त्या दिवसापासून मी मूग गिळले. खोटं एक अक्षर बोलले नाही, फक्त पुढचं वाक्य पोटात ठेवलं. मागव बाई, सात मागव. बसेल अंगठा मुडपून. गल्लीत कोणी लंगडताना दिसलं की मी दारात येऊन बघायचे, आणि दिवस चांगला जायचा.

भाऊजींना निवृत्त झाल्यापासून पृथ्वीची काळजी लागली. त्यांनी ‘चार पावलांवर’ नावाचं मंडळ काढलं. जवळच्या दुकानातून घ्या, चालत जाऊन आणा, मोडलं तर दुरुस्त करून वापरा, पार्सलांचा कचरा आणि गाड्यांचा धूर टाळा. त्यांच्या बोलण्यात चूक काढायला जागा नव्हती, म्हणून तर जास्त चीड यायची. मंडळाचे हिरवे सदरे आले तेव्हा ते खोकं मी डोळ्यांनी बघितलं. प्रत्येक सदरा वेगळ्या प्लास्टिकात, आणि आले होते कुठल्या कुठून. आमच्या समोर शिंपी बसतो. त्याला बिचाऱ्याला फक्त उद्घाटनाला बोलावलं, टाळ्या वाजवायला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

दुकान दोघा भावांच्या नावावर. एक दिवस भाऊजी घरी आले आणि ह्यांना म्हणाले, ‘हे बघ, दुकान काही चालत नाही. जागा भाड्याने देऊ. दोघांचंही भलं होईल.’ ह्यांनी मान खाली घातली. मला राहवेना. मी म्हटलं, ‘भाऊजी, तुम्हीच ना गल्लीतल्या दुकानांसाठी फेरी काढताय? ती होऊ दे. माणसं दारात येतील. त्यांनी घेतलं तर दुकान राहील. नाही घेतलं तर किल्ली मीच आणून देईन.’ जाऊबाई समोर होत्या, मंडळाच्या चिटणीसबाई बाजूला होत्या. भाऊजी नाही कसं म्हणणार? ‘ठरलं,’ म्हणाले.

बोलून तर बसले, पण रात्री विचार सुरू झाले. मला दुकानाचं सोनं करायचं नव्हतं. पण दुकान गेलं तर मागच्या खोलीतला हा माणूस बसणार कुठे? ह्यांना दुसरं काही येत नाही आणि दुसरीकडे कुठे करमत नाही. घरातसुद्धा जेवून झालं की चप्पल शोधतात.

फेरी तोंडावर आली तेव्हा भाऊजी आणि जाऊबाई दुकानात हजर. ‘चालायला चांगला जोड हवा,’ भाऊजी म्हणाले. ‘अध्यक्ष पुढे चालणार ना!’

मी वेडी, मला वाटलं चला, लाज वाटली. अर्धं दुकान खाली उतरवलं. शेवटी तपकिरी जोड त्यांच्या पायात असा बसला की ते आरशासमोर उभे राहून बघतच राहिले.

‘वा! पाय घरी आल्यासारखा वाटतो,’ म्हणाले.

‘मग देऊ बांधून?’

जाऊबाईंनी नाक मुरडलं. ‘ह्यांना निळा हवा होता गं.’

‘निळा करून देतील की ताई, फेरीच्या आत.’

‘नको नको, कशाला धाकट्या भाऊजींना त्रास!’

तेवढ्यात आमच्या अध्यक्षांनी बूट काढून उलटा केला आणि फोटो काढला. ‘मंडळाच्या पत्रकासाठी,’ म्हणाले. पत्रकात म्हणे तळाचा फोटो! मी काय काल जन्मले?

‘सात ना गं माझा नंबर?’

‘तळावर लिहिलंय की, भाऊजी.’

मागच्या खोलीत आरीचा आवाज थांबला. दोघं गेल्यावर हे दारात आले. ‘दादाला सांगायचं होतंस.’

‘मी गिऱ्हाइकांना सांगते,’ मी म्हटलं.

फेरीच्या दिवशी सकाळीच मी आरसा पुसला, बाक पुसला, ह्यांना धुतलेला सदरा घालायला लावला. घोषणा ऐकू आल्या तशी दारात जाऊन उभी राहिले. भाऊजी सगळ्यांच्या पुढे. अंगात हिरवा सदरा, पायात निळे कोरे करकरीत बूट, आणि चाल अशी, जणू गल्लीत तवे तापवून ठेवलेत. ‘चार पावलांवर!’ असं ओरडायचे आणि चौथं पाऊल काही पडायचं नाही.

आमच्या दारात आले आणि बाकावर बसलेच. बूट काढला तर टाचेचं सालटं निघालेलं, मोजा लाल. खरं सांगते, गुदगुल्या झाल्या मला. पण मागे एवढी माणसं उभी होती, आणि त्या माणसांवर माझं सगळं अवलंबून होतं. मी हसू गिळलं, शिडीवर चढले, तोच तपकिरी जोड काढला आणि खाली बसून माझ्या हाताने त्यांच्या पायात चढवला.

भाऊजी उभे राहिले. चेहऱ्यावर एकदम रक्त आलं. दुखणं थांबल्याच्या आनंदात माणूस चुकून खरं बोलतो. ‘मित्रांनो,’ ते म्हणाले, ‘हा जोड माझ्या भावाने शिवलाय. तळ झिजला की फेकायचा नाही, इथेच बदलून मिळतो. याहून चांगला बूट मी आयुष्यात घातला नाही!’

मग काय विचारता! माणसं आत घुसली. बाक पुरेना, आरसा पुरेना. हे हातात दोरा तसाच धरून बाहेर आले आणि लोकांना टाके दाखवायला लागले. इतकं बोलताना मी त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच बघितलं. ‘बघा, हा दोरा मेणातला, पाणी आत येत नाही,’ असं कोणा परक्या माणसाला सांगत होते. मी शिडीवर वर-खाली, वर-खाली. पाय भरून आले, पण मनात मी दुकानाला नवा रंग देऊन मोकळी झाले होते.

आणि मग एकाने बूट उलटा केला. फोटो. दुसऱ्याने केला. फोटो. हिरव्या सदऱ्यातल्या चिटणीसबाईंनी तर माझ्याच हातात बूट धरायला देऊन काढला, हलू नका म्हणाल्या. ‘फार सुंदर काम आहे हो तुमचं. जपलं पाहिजे.’ जपा ना मग, कोणी हात धरलाय? पुढच्या चौकात सरबत ठेवलं होतं. सगळी वरात तिकडे गेली. माझ्याकडून नाड्यांची एक जोडी खपली. भाऊजी तपकिरी बूट घालूनच गेले. ‘घरच्या माणसाला कसलं बिल!’ असं माझ्याच पाठीवर थोपटून म्हणाले.

त्या गर्दीतल्या एकालाही मी आठाचं वाक्य सांगितलं नाही. म्हटलं, जा, सगळेच्या सगळे लंगडा.

पुढच्याच महिन्यात भाऊजी एका टाय लावलेल्या माणसाला घेऊन आले. पार्सल कंपनीचा माणूस, जागा बघायला. मी कपाळावर हात मारला. ‘पार्सलवाल्यांना? आणि तुम्ही, भाऊजी?’

‘अगं, समजून घे,’ ते म्हणाले. ‘सगळी पार्सलं एका जागी आली की घरोघरी गाड्या फिरत नाहीत. लोक चालत येतील. धूर वाचेल. आमच्या तत्त्वातच बसतं हे.’

त्यांच्या तत्त्वात काय बसत नाही ते मला एकदा बघायचंय. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा माझ्यासमोर हिरवा सदरा घालून उभा होता.

टायवाला मात्र सभ्य होता. फळ्यांवरून हात फिरवत म्हणाला, ‘छान, फळ्या तयारच आहेत. खरं म्हणजे आम्हाला या भागात माल परत घ्यायचं केंद्र हवंय. इथून बूट फार परत येतात. सगळ्यांची एकच तक्रार, एक नंबर लहान. दुसरीकडे कुठे असं होत नाही. आणि गेल्या महिन्यात तर कहर झाला, रोज गाडी भरून बूट! म्हणून तर वरून हुकूम आला की याच गल्लीत जागा बघा.’ तो हसला. ‘आमचे साहेब म्हणतात, इथल्या पाण्यातच काहीतरी असेल, पाय वाढतात.’

भाऊजी हसले. मी नाही हसले. ते पाणी म्हणजे माझं पोटात ठेवलेलं वाक्य. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. सगळं कळलं होतं त्यांना. आता ‘असू दे’ म्हणतील म्हणून मी वाट बघत राहिले. एवढी वर्षं ज्या शब्दाने माझं डोकं फिरायचं, तो मला त्या क्षणी हवा होता. ते म्हणाले नाहीत. टायवाल्याच्या खिशातून निघालेलं पेन घेतलं आणि भावाने बोट ठेवलं तिथे सही केली.

शब्दाप्रमाणे किल्ली मीच दिली. हात दाखवून अवलक्षण केलं होतं, तक्रार कोणाकडे करणार? कंपनीला खिडकीवर माणूस हवं होतं, जागेची माहिती असलेलं. म्हणून आता मीच बसते. फळ्यांवर पार्सलं आहेत. मागच्या खोलीत चिकटपट्टीची रिळं आहेत. सासऱ्यांचे साचे आमच्या पलंगाखाली पोत्यात बांधलेत. हे दिवसभर घरी असतात आणि जेवून झालं की चप्पल शोधत नाहीत. तो आरसा तेवढा कोणी काढला नाही, त्यामुळे खिडकीशी कोण आलं ते मला अजून पायांवरून कळतं.

परवा त्यात तपकिरी बूट दिसले. टाच एका बाजूने पार झिजलेली. हातात खोकं घेऊन भाऊजी उभे.

‘हे परत घे गं. पुन्हा सातच मागवला आणि पुन्हा लहान! सगळ्या कंपन्या चोर आहेत बघ.’

‘पायातल्या जोडाचा तळ बदलून घ्या ना ह्यांच्याकडून. घरीच असतात.’

‘त्याला कशाला त्रास!’

मी खोकं ओढून घेतलं. ‘आमच्या सातला बाहेर आठ म्हणतात, भाऊजी.’

‘मग हे आधी नाही का सांगायचंस?’

‘गिऱ्हाइकांना सांगायचे मी.’

घटकाभर त्यांचं तोंड उतरलं. मला वाटलं, लागलं कुठेतरी. पण नाही, लगेच खुलले. ‘जाऊ दे, बरं झालं कळलं. आता आठच मागवतो. आणि आता काय, घ्यायला चार पावलांवरच यायचंय!’

मी खोक्यावर परतीची चिठ्ठी चिकटवली, शिडी लावली, आणि ज्या फळीवर त्यांच्या मापाचे बूट असायचे तिथे ते ठेवून दिलं.