फुकटची ताटं

पोरीला साहेबाची बोलणी बसतात आणि त्याला कारण आपली खानावळ, असं एकदा बापाच्या मनानं घेतलं, आणि मग शहाण्या माणसाची अक्कल गहाण पडली.

त्याचं असं झालं. पोरगी आकडेवारीच्या कचेरीत नोकरीला. निवडक दुकानांना आणि खानावळींना दर महिन्याला विक्री विचारायची आणि लोकांचा हात सैल आहे की आखडलाय याचा अंदाज बांधायचा, हे तिथलं काम. निवडलेल्यांत बापाची खानावळही होती. खानावळीला फोन मात्र दुसरा कारकून करायचा. एकदा जेवताना पोरगी सहज म्हणाली, "सगळीकडे विक्री पडलीये, बाबा. साहेब नुसते डाफरतायत."

झालं! बापाला घास गोड लागेना. शेजारचा कारखाना हलल्यापासून त्याची निम्मी बाकं रिकामी असायची. म्हणजे हे आपलंच पाप!

खोटा आकडा सांगणं त्याच्या रक्तात नव्हतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी डब्यात पैसे साठवले होते. त्यातले काढून तो गल्ल्यात टाकू लागला आणि तेवढी ताटं रस्त्यावरच्या कोणालाही बोलावून वाढू लागला. ताट गेलं, गल्ल्यात पैसे आले, म्हणजे विक्रीच की! फुकट म्हटल्यावर गल्लीतल्या न्हाव्यापासून त्याच्या सासऱ्यापर्यंत सगळे लोटले. आकडा चढत गेला आणि डबा उतरत गेला. बाप मात्र खूश. डोळ्यांचं काय, दिसतंय तेवढं पुष्कळ झालं!

एका दुपारी दारातल्या उजेडात कोणी बाई उभी दिसली.

"या ताई, या!" त्यानं पुढे होऊन बाक पुसलं. "पैशांची काळजी नको. आजचं ताट माझ्याकडून."

बाई न बोलता बसली. त्यानं भात वाढला, भाजी वाढली. ती काही जेवेना. "संकोच करू नका, ताई," तो मायेनं म्हणाला. "माझी मुलगी तुमच्याच वयाची आहे."

"बाबा, मीच आहे."

पळी हातातच राहिली.

"अगं, ते उन्हामुळे..."

"मी तुमच्या पुढ्यात बसलेय. डबा कुठाय?"

डबा आला. तळाशी थोड्या नोटा होत्या. मग चोरी पकडली गेल्यासारखं खाली बघत बापानं सगळं सांगितलं. पोरीला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं.

"अहो, तुमच्या एका खानावळीवरून आम्ही शेकडो खानावळींचा अंदाज बांधतो! तुम्ही एक ताट वाढलंत की आमच्या कागदावर पंगत उठते. चपला घ्यायला पैसे नाहीत ते लोक बाहेर जेवतायत कसे, म्हणून साहेब डोकं धरून बसलेत. म्हणून तर मी आले."

"पण विक्री पडली की तुला ओरडतात ना?"

"ते चहा गार झाला तरी ओरडतात! ताप चढला म्हणून तापमापकाला कोणी बदडतं का?"

"तापमापकाला बाप नसतो," तो पुटपुटला.

पोरीनं त्याचा हात धरला. मग तिनं त्याला तिथल्या तिथे कारकुनाला फोन लावायला लावला, खरी विक्री सांगायला लावली, आणि डबा स्वतःच्या पिशवीत टाकला. कमी पडले तेवढे तिनं घातले.

त्या महिन्यात खानावळ बरेच दिवस बंद राहिली आणि विक्री पार तळाला गेली. कारकुनाकडून आलेला तो आकडा पोरीनं आनंदानं लिहून घेतला.

डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा ती समोरच होती. बापानं तिला आधी नीट न्याहाळलं. किती दिवसांनी दिसत होती! मग त्याचा चेहरा पडला.

"किती वाळलीस गं," तो म्हणाला. "साहेब फार ओरडले का?"